चाळीस जणांचे सभागृह

विधानसभा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर शेकडो सदस्यांचे सभागृह उभे राहते. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार बसतात. राज्यघटनेने विधानसभेसाठी घातलेली सामान्य मर्यादा किमान ६० सदस्यांची आहे. गोव्यासाठी मात्र खास तरतूद करून ती ३० वर आणण्यात आली. पर्वरीच्या सभागृहात आज ४० सदस्य आहेत. विधानपरिषद नाही; जे काही ठरते ते या चाळिसांतच ठरते.

मुक्तीनंतर प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली ती डिसेंबर १९६३ मध्ये. त्या वेळी गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश होता आणि ३० जागांपैकी गोव्याच्या वाट्यास २८, तर दमण व दीव यांस प्रत्येकी एक जागा होती. दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला आणि पुढे सदस्यसंख्या ४० झाली.

सभागृह लहान, म्हणून मतदारसंघही लहान. येथील आमदार मतदाराला नावाने ओळखतो आणि मतदारही त्याच्या दारी थेट जाऊ शकतो. एकेका मताचे मोलही मोठे. २०२२ च्या निवडणुकीत सांत आंद्रेचा निकाल अवघ्या ७६ मतांनी लागला.

पण हाच लहानपणा सभागृहात गेल्यावर निराळे रूप घेतो. बहुमतासाठी २१ सदस्य पुरतात. २००३ च्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर रोखली, तरी लहान राज्यांना १२ मंत्र्यांची मुभा ठेवली. म्हणजे काठावरच्या बहुमताच्या सरकारात निम्म्याहून अधिक सत्ताधारी आमदार मंत्री होऊ शकतात. सरकारला प्रश्न विचारणारे मग उरतात किती? आणि दोन-चार आमदार इकडचे तिकडे झाले, तर सरकारच बदलते. १९९० साली तर सभापतिपदावर असलेले लुईस प्रोत बार्बोझाच पक्षांतरानंतर मुख्यमंत्री झाले.

पक्षांतराला आळा घालण्यासाठी १९८५ साली कायदा झाला. त्यात पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन होत असेल आणि विधिमंडळ गटातील दोन-तृतीयांश सदस्य त्यास संमत असतील, तर अपात्रता लागू होत नाही. मोठ्या राज्यात दोन-तृतीयांश जमविणे दुष्कर. येथे मात्र एका खोलीत मावतील एवढी माणसे पुरतात. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ आमदारांपैकी १० जण भारतीय जनता पक्षात गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ जण गेले. पंधराचे दोन-तृतीयांश दहा. अकराचे, पूर्णांकात, आठ. हिशेब दोन्ही वेळा नेमका जुळला.

या संदर्भात १६ जानेवारी १९६७ चे जनमत कौल आठवावे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की वेगळे राहावे, हा प्रश्न तेव्हा ३० आमदारांच्या बहुमतावर सोपविला गेला नाही. बांदोडकर मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला आणि प्रश्न थेट मतदारांपुढे गेला. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. त्या निकालाने कोणी सुखावले, कोणी दुखावले. मराठीप्रेमी घरांत ती सल दीर्घकाळ राहिली. तरीही निकाल सर्वांनी मानला, कारण तो मतदारांनी स्वतः दिला होता.

प्रदेशाच्या विलीनीकरणासाठी ज्या मतदाराला विचारावेसे वाटले, त्याला आपल्या आमदाराच्या विलीनीकरणासाठी कोणी विचारीत नाही. कायदा बदलणे संसदेच्या हाती आहे. मात्र मते मागण्यास उमेदवार उंबऱ्याशी येतो, तेव्हा रस्ता, पाणी, नोकरी यांच्याबरोबरच आणखी एक प्रश्न त्याला विचारता येतो: पक्ष सोडावासा वाटला, तर आधी राजीनामा देऊन पुन्हा आमच्याकडे याल काय? गोव्यासारख्या लहान मतदारसंघात हा प्रश्न समोरासमोर विचारणे शक्य आहे, आणि मिळालेले उत्तर पाच वर्षे लक्षात ठेवणेही.