बायकांना बंद झालेलं मैदान

आज आपण रेडिओवरूनच इंग्लंडला जाऊ, लिव्हरपूल शहरातलं गुडिसन पार्क बघायला. हे फुटबॉलचं मैदान १८९२ सालचं. एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या विटांच्या घरांमधून गल्ली वळते आणि एकदम मैदानाची उंच भिंत समोर येते. एका कोपऱ्यात तर प्रेक्षकांच्या दोन सज्ज्यांमध्ये चक्क चर्च आहे! १९६६ च्या पुरुषांच्या विश्वचषकाचे पाच सामने इथे झाले. पर्यटकांना ते सगळे सांगतात. आपण मात्र आत गेल्यावर दुसराच एक दिवस आठवू.

२६ डिसेंबर १९२०. जवळच्या प्रेस्टन गावातल्या 'डिक, कर' कारखान्यात पहिल्या महायुद्धात मुली दारूगोळा बनवायच्या. जेवणाच्या सुट्टीत फुटबॉल खेळता खेळता त्यांचा संघच उभा राहिला. त्या दिवशी त्या सेंट हेलेन्सच्या मुलींशी इथे खेळल्या आणि ४-० ने जिंकल्या. बघायला आत ५३ हजार माणसं, आणि हजारो लोक दाराबाहेरच अडकलेले. तिकिटांचे तीन हजार पौंडांहून जास्त पैसे जमले. ते युद्धावरून परतलेल्या बेकार, जखमी सैनिकांसाठी होते.

मग वर्षही पुरतं झालं नाही, तोवर ५ डिसेंबर १९२१ ला फुटबॉल असोसिएशन या तिथल्या मुख्य संस्थेने ठराव केला: आमच्या क्लबांनी आपली मैदानं बायकांना देऊ नयेत. कारणं दोन. एक, हा खेळ बायकांना शोभत नाही. दुसरं, जमलेल्या पैशातला फार भाग खर्चात जातो, दानाला कमी पोचतो. आता सामन्याला जायचं तर रेल्वेचं भाडं लागणार, कारखान्यातली मजुरीही बुडणार. बाईच्या हिशेबाकडे लोक कसे बघतात, ते गटाची वही सांभाळणाऱ्यांना आम्ही काय सांगायचं!

बंदी १९७१ पर्यंत राहिली, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं. 'डिक, कर'च्या मुली मिळेल त्या मोकळ्या मैदानावर खेळत राहिल्या, परदेशीही जाऊन आल्या. पण बंदी उठायच्या आधीच, १९६५ मध्ये, त्यांचा संघ संपला.

मे २०२५ मध्ये एव्हर्टन क्लबचा पुरुष संघ नदीकाठच्या नव्या स्टेडियमकडे गेला. जुनं गुडिसन पाडायचं, असंच आधी ठरलं होतं. तो बेत बदलला आणि ते क्लबच्या महिला संघाला मिळालं. तेव्हा कुणाची लेक-सून तिकडे असेल, तर तिला सांगा, नुसतं बाहेरून बघून परत फिरू नको, बायकांच्या सामन्याचं तिकीट काढ. फक्त जागा बघून घे म्हणावं. जुन्या बांधणीचे खांब आहेत, नेमका गोल होताना आडवे येतात.