मेंदूचा ब्रेक

इथे खडकीत पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. तिथल्या जवानांचा मज्जारज्जू दुखावलेला असतो. मेंदूचा हुकूम खाली पोचतच नाही. पक्षाघाताचं तसं नाही. जखमेभोवतीच्या पुष्कळ पेशी जिवंत असतात, पण ‘गाबा’ या रसायनाचा ब्रेक त्यांच्यावर जास्तच दाबलेला राहतो. मग हात हलणार कसा? उंदरांवरच्या २०१०च्या प्रयोगात तिसऱ्या दिवसापासून ब्रेक सैल केला, तर पंजे अधिक सुधारले. लगेच केला, तर जखमच वाढली! म्हणजे आधी तारणारा तोच, नंतर अडवणाराही तोच. माणसांवर मात्र २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा औषधाचा फायदा दिसला नाही. झोपेच्या काही गोळ्या हाच ब्रेक दाबतात. घरात पक्षाघाताचा रुग्ण असेल तर त्या डॉक्टरांना दाखवा. परस्पर बंद मात्र करू नका, झटके येऊ शकतात.