फाईल आवळावी, पण किती आणि कशी?

कोलकात्याच्या पूर्वेस, खाऱ्या दलदलीच्या जागी हुगळीच्या गाळाची भर घालून वसविलेले सॉल्ट लेक, म्हणजेच विधाननगर, आज संगणक उद्योगाचे मोठे केंद्र म्हणून ओळखले जाते. तेथील एखाद्या बँकशाखेत पुण्यातील खात्यावरील धनादेश जमा झाला, तर पूर्वी तो कागद वसुलीसाठी पुण्यापर्यंत जात असे आणि रक्कम हाती येण्यास बरेच दिवस लागत. आता कागद जमा करणाऱ्या बँकेकडेच राहतो. प्रवास करते ती केवळ त्याची प्रतिमा. रिझर्व्ह बँकेची ही चेक ट्रंकेशन पद्धती २००८ मध्ये दिल्ली परिसरात, २०११ मध्ये चेन्नईत आणि २०१३ मध्ये मुंबईत सुरू झाली व पुढे देशभर पसरली. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर धनादेशांच्या प्रतिमा कामकाजाच्या वेळेत सतत पाठविल्या जातात. या वेगामागे जे तंत्र उभे आहे, ते म्हणजे फाईलचे संकोचन, अर्थात कॉम्प्रेशन. ग्राहकाने घरच्या संगणकावर ‘झिप’ फाईल तयार केली, तरी तत्त्व तेच असते.

एका धनादेशाचा हिशेब

धनादेश साधारणपणे ८ इंच लांब व ३.६ इंच रुंद असतो. त्याच्या तीन प्रतिमा घेतल्या जातात: पुढील बाजूची एक करड्या छटांची व एक कृष्णधवल, आणि मागील बाजूची कृष्णधवल. कृष्णधवल प्रतिमेत इंचास २०० ठिपके धरल्यास सुमारे साडेअकरा लाख ठिपके होतात. प्रत्येकास एक बिट, म्हणजे १,४४,००० बाइट. करड्या प्रतिमेत इंचास १०० ठिपके व प्रत्येक ठिपक्यास २५६ छटांपैकी एक दर्शविणारा एक बाइट, म्हणजे २,८८,००० बाइट. तिन्ही मिळून सुमारे ५,७६,००० बाइट झाले. एका धनादेशाचा हा भार लाखो धनादेशांनी गुणला, की संकोचनाची निकड ध्यानात येते.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, एकाच धनादेशासाठी दोन भिन्न पद्धती वापरल्या जातात. कृष्णधवल प्रतिमांसाठी ‘ग्रुप फोर’ ही फॅक्सच्या क्षेत्रातून आलेली पद्धत आहे. ती प्रत्येक ओळ वरच्या ओळीशी ताडून केवळ फरक नोंदविते. उलगडल्यावर ठिपका न् ठिपका परत मिळतो. करड्या प्रतिमेसाठी मात्र ‘जेपेग’ वापरतात. डोळ्यास सहसा न जाणवणारा तपशील ती कायमचा वगळते. पहिली निर्हानी पद्धत, दुसरी सहानी. कोणतेही साधन निवडण्यापूर्वी हा भेद समजून घेणे अगत्याचे आहे.

निर्हानी संकोचन कसे घडते?

१९५२ मध्ये डेव्हिड हफमन यांनी वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड व क्वचित येणाऱ्यांना लांब संकेत देण्याची रीत मांडली. १९७७ मध्ये लेंपेल व झिव या संशोधकांनी दुसरी युक्ती दिली: पूर्वी आलेला मजकूर पुन्हा आला, तर तो न लिहिता ‘इतक्या अक्षरांमागे पाहा, इतकी अक्षरे घ्या’ एवढेच नोंदवावे. खातेउताऱ्यात ‘रोख जमा’, शाखेचे नाव, तारखेचे वर्ष यांची पुनरुक्ती पानोपानी असते. म्हणून असा उतारा उत्तम आवळला जातो. ‘झिप’ या सर्वपरिचित प्रकारात या दोन्ही कल्पनांचा संगम आहे.

मराठी मजकुराबाबत एक विशेष आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. त्यांपैकी पहिला नेहमी एकच असतो, तर दुसऱ्यासाठी दोनच पर्याय असतात. बंगाली लिपीचेही तसेच आहे. त्यामुळे मराठी वा बंगाली मजकुराची साधी फाईल इंग्रजीहून फुगीर दिसली, तरी आवळल्यावर तो फरक पुष्कळ कमी होतो.

याउलट छायाचित्रे, चलच्चित्रे आणि वर्ड व एक्सेलच्या सध्याच्या फाईली मुळातच आवळलेल्या असतात. त्यांची पुन्हा झिप केल्याने आकार फारसा घटत नाही. अनेक फाईली एकत्र बांधण्याची सोय तेवढी होते.

साधनांची निवड

सर्वोत्तम साधन कोणते, या प्रश्नास एकच उत्तर नाही. त्याचा निर्णय कामावर ठरतो, आणि याचे उत्तम उदाहरण सॉल्ट लेकमध्येच आढळते. तेथील व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेच्या ‘ॲलिस’ प्रयोगात सहभागी आहे आणि तेथे त्या प्रयोगाच्या संगणनजाळ्यातील केंद्रही आहे. अशा प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या ‘रूट’ या प्रणालीत संकोचनाचे चार पर्याय आहेत: झेडलिब, एलझेडएमए, एलझेडफोर व झेडस्टँडर्ड. एलझेडएमए फाईल सर्वांत लहान करते, पण वेळ अधिक घेते. एलझेडफोरची फाईल मोठी राहते, मात्र ती अतिशय झपाट्याने उलगडते. २०१६ मध्ये खुले झालेले झेडस्टँडर्ड या दोहोंतील समतोल साधते. जी माहिती क्वचितच उघडायची, तिच्यासाठी आकार महत्त्वाचा. जी वारंवार वाचायची, तिच्यासाठी वेग.

हाच निकष घरी व कार्यालयातही लागू पडतो. फाईल दुसऱ्यास पाठवायची असल्यास ‘झिप’ श्रेयस्कर, कारण विंडोजमध्ये ती कोणत्याही जादा साधनाविना उघडते. जुन्या वर्षांच्या नोंदी साठवायच्या असल्यास ‘सेव्हन-झिप’ हे विनामूल्य साधन घ्यावे. त्याची एलझेडएमए पद्धत मजकुरावर बहुधा अधिक प्रभावी ठरते. मात्र त्यात एकसारख्या अनेक फाईली एकाच प्रवाहात आवळल्या जाऊ शकतात, आणि एका ठिकाणी बिघाड झाल्यास पुढील फाईलींसही बाधा पोहोचू शकते. म्हणून अशा संग्रहाची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे आवश्यक आहे. ‘रार’ प्रकारात दुरुस्तीसाठी जादा माहिती ठेवण्याची सोय आहे, परंतु तो तयार करण्याचे अधिकृत साधन सशुल्क आहे.

आकड्यांशी तडजोड नको

सहानी संकोचन अविचाराने वापरल्यास काय घडते, हे २०१३ मध्ये दिसून आले. जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांना आढळले की, झेरॉक्सच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या इमारतीच्या नकाशात खोल्यांच्या क्षेत्रफळाचे आकडेच बदलत होते. ‘जेबिग-टू’ ही पद्धत सारख्या भासणाऱ्या आकृत्या एकच मानून एकीच्या जागी दुसरी बसवीत होती. इंग्रजी अंकांतील सहाच्या जागी आठ उमटे. तो पुसटही नसे. स्वच्छ व ठसठशीत, पण चुकीचा! पुढे कंपनीने सुधारित प्रणाली उपलब्ध केली. कर्जाची कागदपत्रे, मुदत ठेवीच्या पावत्या किंवा करविषयक पुरावे स्कॅन करताना हा धडा विसरता कामा नये. आकार थोडा वाढला तरी चालेल, पण स्कॅनची गुणवत्ता अगदी खालच्या पायरीवर नेऊ नये, आणि मूळ कागद जपावा. ट्रंकेशन पद्धतीतही मूळ धनादेश जमा करणाऱ्या बँकेस दहा वर्षे जतन करावे लागतात.

कुलूप घालताना

गोपनीय कागदपत्रे पाठविताना फाईलला पासवर्ड दिला जातो. परंतु सर्वच कुलपे सारखी मजबूत नसतात. झिपची जुनी कुलूपपद्धत भेदता येते, हे बिहाम व कोशर यांनी १९९४ मध्येच दाखवून दिले होते. म्हणून ‘एईएस-२५६’ हा पर्याय निवडावा. झिपमध्ये पासवर्ड असूनही आतील फाईलींची नावे दिसू शकतात. तेव्हा नावातच खातेक्रमांक लिहू नये. सेव्हन-झिपमध्ये नावेही झाकण्याची सोय आहे. पासवर्ड त्याच ई-मेलमध्ये न लिहिता दूरध्वनीवरून कळवावा.

साधनाची अद्ययावत आवृत्ती वापरणेही तितकेच महत्त्वाचे आहे. २०२३ मध्ये विनरारमधील एका त्रुटीचा गैरफायदा शेअर व वित्तबाजारातील व्यवहार करणाऱ्यांविरुद्ध घेण्यात आला. संग्रहातील निरुपद्रवी दिसणारी फाईल उघडताच आत दडविलेली घातक आज्ञावली चालू होई. ६.२३ या आवृत्तीत ती त्रुटी दूर करण्यात आली. अनोळखी व्यक्तीकडून आलेली आवळलेली फाईल, ती बँकेच्या नावाने आली असली तरीही, शाखेकडे खातरजमा केल्याखेरीज उघडू नये.

आणखी एक पथ्य पाळावे. फाईल आवळल्यानंतर मूळ प्रत लगेच पुसू नये. आधी साधनातील ‘टेस्ट’ची आज्ञा देऊन संग्रह तपासावा, एकदोन फाईली उलगडून पाहाव्यात आणि त्यांतील आकडे मुळाशी ताडावेत. या तपासणीस दोन मिनिटे लागतात. हरवलेला हिशेब पुन्हा उभा करण्यास मात्र महिने लागू शकतात.