घराचं 'धर' होतं तेव्हा

'तो धरी गेला.' छापील पानावर हे वाक्य आलं तर डोळा बहुधा 'घरी' असंच वाचून पुढे जाईल. आता तेच यंत्राच्या आवाजात ऐकून बघा! वाक्य जागीच अडतं.

अंध वाचकासाठी पुस्तक तयार करताना पान स्कॅन करतात, संगणक अक्षरं ओळखतो आणि आवाज ती वाचून दाखवतो. ऐकायला सोपं आहे ना? पण स्कॅनरला अक्षर दिसतच नाही. कागदाने किती उजेड परत पाठवला आणि शाईने किती गिळला, एवढंच त्याला कळतं. ए-फोर आकाराचं पान नेहमीच्या ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने, घेतलं की सुमारे ८७ लाख ठिपके हाती येतात. या ढिगात 'ज्ञ' कुठे शोधायचा?

देवनागरीत तर आणखी बहार! शिरोरेषेमुळे ओळ कुठे आहे, पान किती तिरकं ठेवलंय, हे संगणकाला चटकन उमगतं. पण त्याच रेषेला सगळी अक्षरं दोरीवरच्या कपड्यांसारखी लटकलेली. ती सुटी कशी करायची? जुनी युक्ती अफलातून होती: शिरोरेषाच पुसून टाकायची! न्यूरल नेटवर्कच्या नव्या पद्धती अख्खी ओळ एकदम वाचायला शिकतात. आणि ऱ्हस्व वेलांटी? 'कि' छापताना ती 'क'च्या आधी, उच्चारताना नंतर. संगणकाला दर वेळी पानावरचा क्रम मोडून उच्चाराचा क्रम लावावा लागतो.

१९७६ च्या जानेवारीत अमेरिकेत रे कुर्झवाईल यांनी अंधांसाठी वाचनयंत्र जगापुढे ठेवलं. त्यासाठी नाना वळणांचे टाइप ओळखणारी प्रणाली, सपाट काचेचा स्कॅनर आणि मजकूर बोलून दाखवणारा आवाज, एवढं सगळं जमवावं लागलं. ऑफिसातल्या टेबलावरच्या स्कॅनरचं कूळ अंधांच्या वाचनापर्यंत जाऊन पोचतं, हे मला फार विलक्षण वाटतं.

तरी यंत्र चुकतंच. 'भ' आणि 'म' यांच्यात फरक तो केवढा? शाई जरा फिकट पडली की 'भान'चं 'मान' होतं आणि शुद्धलेखन तपासणारी प्रणाली गप्प बसते, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत! इथे वाक्याचा अर्थ कळणारा माणूसच लागतो. पानाच्या माथ्यावर छापलेलं पुस्तकाचं नाव त्याने काढलं नाही, तर ते वाक्याच्या मधोमध मोठ्याने ऐकू येतं. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द सांधायचे, तळटिपा योग्य जागी न्यायच्या, चित्रांची वर्णनं लिहायची. मला सर्वांत मोलाची वाटते ती प्रकरणांच्या नावांना शीर्षक म्हणून केलेली खूण. तिच्यामुळे वाचक काही कळा दाबून थेट सातव्या प्रकरणावर जातो. खूण नसेल तर अभ्यासाचं पुस्तक म्हणजे दारं नसलेला एकच लांबलचक बोळ.

हे कष्ट एकदाच करायचे, हे किती छान! त्याच फाइलमधून आवाज निघतो, मोठा टाइप निघतो, ब्रेलही निघतं. २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात अशा प्रतींसाठी मुभा आली, २०१४ मध्ये अशा प्रती देशोदेशी पोचवण्यासाठीच्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत पहिला देश ठरला आणि २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. अमेरिकाही आता त्या करारात आहे. त्यामुळे पुण्यात कुणी नीट केलेलं मराठी पुस्तक अधिकृत संस्थेमार्फत न्यू जर्सीतल्या अंध वाचकाला रीतसर पाठवता येतं.