विश्लेषण : शिक्षकाने विद्यार्थ्याशी गैरवर्तन केल्यास शिक्षा काय? ‘मिटवून’ घेता येते का?

बीड शहरातील एका नामांकित खासगी क्लासमधील दोन शिक्षकांविरुद्ध अल्पवयीन विद्यार्थिनीच्या लैंगिक छळाचा गुन्हा जून 2025 च्या अखेरीस दाखल झाला. तक्रारीनुसार हा प्रकार अनेक महिने सुरू होता. दोघांना अटक झाली, पावसाळी अधिवेशनात विषय गाजला आणि महिला आयपीएस अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमण्याची घोषणा मुख्यमंत्र्यांनी केली. आरोप खरे की खोटे, हे न्यायालय ठरवेल. मात्र त्यानिमित्ताने जिल्ह्यातल्या पालकांना पडलेले प्रश्न अजून तसेच आहेत.

क्लासचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, 2012, म्हणजे ‘पोक्सो’च्या कलम 23 नुसार पीडित बालकाचे नाव, पत्ता, कुटुंब, शाळा अशी ओळख पटवणारी माहिती माध्यमांना छापता येत नाही. त्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद आहे. व्हॉट्सॲपच्या गटांत फोटो फिरवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

शिक्षकासाठी वेगळी शिक्षा का?

पोक्सो 18 वर्षांखालील मुलगा आणि मुलगी दोघांनाही लागू आहे. लैंगिक हेतूने केलेल्या स्पर्शाला एरवी तीन ते पाच वर्षे कैद आहे. तोच गुन्हा शैक्षणिक संस्थेच्या व्यवस्थापनातील किंवा नोकरीतील व्यक्तीने तिथल्या मुलाबाबत केला, तर तो ‘गंभीर’ ठरतो आणि शिक्षा पाच ते सात वर्षे होते. बलात्काराच्या स्वरूपाचा अत्याचार असेल तर किमान 20 वर्षे सक्तमजुरी, उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर कारावास, किंवा 2019 च्या दुरुस्तीनंतर फाशीसुद्धा. शिपाई, लिपिक, वसतिगृहाचा रखवालदारही यात येतो.

अश्लील बोलणे, हावभाव, मोबाइलवर तसे काही दाखवणे, सतत पाठलाग करणे यासाठी कलम 12 खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मुलीचे अश्लील फोटो काढल्यास कलम 14 लागते आणि शिक्षा किमान पाच वर्षांची होते.

‘अंगावरच्या कपड्यांवरून हात लावला, त्यात काय’ हा बचाव आता चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने थेट त्वचेला स्पर्श हवा असा निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो नोव्हेंबर 2021 मध्ये रद्द केला आणि हेतू महत्त्वाचा, असे स्पष्ट केले.

क्लास म्हणजे ‘शैक्षणिक संस्था’ का?

पोक्सोत या शब्दाची व्याख्या नाही, त्यामुळे वकील यावर वाद घालू शकतात. पण त्याच कायद्यात आणखी एक वाट आहे. बालकाच्या बाबतीत विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या स्थानावर असलेल्या व्यक्तीने संस्थेत, घरी ‘किंवा इतरत्र कुठेही’ गुन्हा केला तरी तो गंभीरच मानला जातो. घरी येणारा शिकवणीचा मास्तरही त्यातून सुटत नाही.

क्लासवर प्रशासकीय वचक मात्र कमी आहे. जिल्हा परिषदेचा शिक्षक 48 तासांहून अधिक कोठडीत राहिला की निलंबित मानला जातो. खासगी शाळेतील शिक्षकाला 1977 चा सेवाशर्ती कायदा आणि 1981 ची नियमावली लागू आहे, म्हणजे चौकशी आणि बडतर्फी. विभागीय चौकशी फौजदारी खटल्याहून वेगळी चालते. त्यामुळे कोर्टातून सुटका झाली म्हणून नोकरी आपोआप परत मिळत नाही. क्लासच्या सरांना यातले काहीच लागू नाही. केंद्राने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना नेमू नये असे त्यात म्हटले. पण त्या सूचना आहेत, कायदा नव्हे.

संस्थाचालकांनी दडवले तर?

शाळेची अब्रू जाईल म्हणून प्रकरण दाबणे हाच गुन्हा आहे. कलम 19 प्रमाणे गुन्हा झाल्याचे माहीत असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचे आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत कैद व दंड. तक्रार नोंदवून न घेणारा पोलीसही याच कलमात अडकतो. गप्प राहिलेल्या मुलावर मात्र कारवाई होत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील आदिवासी मुलींच्या वसतिगृहाच्या प्रकरणात, माहिती असूनही पोलिसांना न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरील कारवाई उच्च न्यायालयाने रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2022 रोजी ती पुन्हा जिवंत केली. माहिती न देणे हा गंभीर गुन्हा असल्याचे न्यायालयाने म्हटले.

गावात बसून मिटवता येते का?

नाही. राजस्थानात एका शिक्षकाने विद्यार्थिनीच्या वडिलांकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले आणि उच्च न्यायालयाने त्या तडजोडीवर गुन्हा रद्दही केला. सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2024 रोजी तो निकाल फिरवला. हा दोन घरांतला खासगी वाद नव्हे, असे त्यात सांगितले आहे.

बीडमध्ये हा मुद्दा फार जवळचा आहे. ऊसतोडीला गेलेले आई-बाप सहा-सहा महिने फडावर असतात. मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. अशा घरावर सरपंच, संस्थाचालक, भावकी यांचा दबाव आणणे सोपे असते. मात्र तक्रार आई-वडिलांनीच द्यावी अशी अट नाही. आजी, शेजारी, वर्गशिक्षिका, कोणीही देऊ शकते. 1098 या हेल्पलाइनवर मूल स्वतःही फोन करू शकते. गुन्हा कुठे घडला यावरून पोलिसांना परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने नोंद होते.

जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाविना घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. न्यायालयात आरोपी समोर येणार नाही याची व्यवस्था करावी लागते. शक्यतो एका वर्षात खटला संपवावा असे कलम 35 सांगते, तो ‘शक्यतो’ किती लांबतो हे कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्यांना माहीत आहे.

छडी मारणे कशात येते?

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे, पण तिथे फक्त शिस्तभंगाची कारवाई आहे. मारहाण क्रौर्याची असेल तर बाल न्याय कायद्याचे कलम 75 लावता येते, मुलांची काळजी सोपवलेल्या संस्थेतील कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

विद्यार्थी 18 वर्षांवरील असेल तर?

पोक्सो लागू होत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम 75 (लैंगिक छळ) आणि 78 (पाठलाग) लागते. विश्वासाच्या स्थानाचा गैरफायदा घेऊन बलात्कार केल्यास किमान दहा वर्षे शिक्षा आहे. महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समितीकडे साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते, त्यासोबत पोलिसांतही जाता येते. पीडितेला ‘मनोधैर्य’ योजनेतून मिळणारी मदत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मंजूर करते, आणि त्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.