आव्यूह

संख्यांची आडव्या ओळींत व उभ्या स्तंभांत केलेली आयताकार मांडणी. म ओळी व न स्तंभ असलेल्या मांडणीस म × न आव्यूह म्हणतात. निर्धारकाप्रमाणे आव्यूहाला एकच संख्यात्मक मूल्य नसते. ही संज्ञा जे. जे. सिल्व्हेस्टर यांनी १८५० मध्ये योजिली. आर्थर केली यांनी १८५८ मध्ये आव्यूहांचे बीजगणित मांडले.

बेरीज व वजाबाकी : ओळींची व स्तंभांची संख्या समान असलेल्या आव्यूहांचीच बेरीज वा वजाबाकी करता येते, ती संगत घटकांची करतात. आव्यूहाला एखाद्या संख्येने गुणताना प्रत्येक घटकास तिने गुणतात.

गुणाकार : पहिल्यातील स्तंभ दुसऱ्यातील ओळींइतके असले पाहिजेत. पहिल्याच्या ओळीतील घटकांना दुसऱ्याच्या स्तंभातील संगत घटकांनी गुणून येणाऱ्या गुणाकारांची बेरीज घेतात. लागोपाठ केलेल्या दोन एकघाती रूपांतरणांचा एकत्रित परिणाम या रीतीने मिळतो, म्हणून ती स्वीकारलेली आहे. उदा.,

क = [१ २]
  [३ ४]

ख = [० १]
  [१ ०]

असल्यास

कख = [२ १]
   [४ ३]

खक = [३ ४]
   [१ २]

पहिल्या गुणाकारात क चे स्तंभ, तर दुसऱ्यात त्याच्या ओळी परस्परांच्या जागी गेल्या. म्हणजे संख्यांचा क्रमनिरपेक्षतेचा नियम येथे सर्वसाधारणपणे लागू पडत नाही. गुणकांचा क्रम बदलणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक होय. व्हेर्नर हायझेनबेर्क यांनी १९२५ मध्ये अणूच्या उपपत्तीत वापरलेल्या गुणाकारातही असाच क्रमभेद होता. माक्स बोर्न यांनी तो आव्यूहांचा गुणाकार असल्याचे ओळखले आणि त्यातून पुंजयामिकीचे आव्यूहरूप सिद्ध झाले.