नर्सिंगचं लायसन्स : ऐकलेलं आणि खरं

यवतमाळ, पुसद, वणी किंवा पांढरकवड्यात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींशी पुढचं बोलायला लागलं की "आता लायसन्सची परीक्षा द्यायची" हे वाक्य हमखास ऐकू येतं. कोणती परीक्षा, असं विचारलं की उत्तरं फुटतात. कुणी नॉरसेट म्हणतं, कुणी एन्क्लेक्स, कुणी प्रोमेट्रिक, तर कुणी नुसतंच "कौन्सिलची परीक्षा". या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ महागात पडते. घरी कापूस विकून आलेले पैसे चुकीच्या क्लासच्या फीमध्ये जातात, आणि उमेदीची दोन-तीन वर्षंही.

"कौन्सिलची परीक्षा पास झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही."

नोंदणीशिवाय काम करता येत नाही, हे खरं. पण त्यासाठी महाराष्ट्रात वेगळी परवाना परीक्षा नाही. जीएनएम आणि एएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बीएस्सी नर्सिंगची परीक्षा नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. मान्यताप्राप्त संस्थेतून ती पास झालात की कागदपत्रं देऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव घालायचं. ही परिषद १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखाली काम करते. जीएनएम आणि बीएस्सी झालेल्यांच्या नावापुढे 'आरएनआरएम' लागतं ते या नोंदणीमुळे.

म्हणून प्रवेश घेतानाच कॉलेजची मान्यता तपासणं हीच खरी पहिली परीक्षा. ती चुकली तर नंतरचा कुठलाच क्लास उपयोगाचा नाही. संस्थेला राज्य परिषदेची मान्यता आहे का, भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत तिचं नाव आहे का, हे फी भरण्याआधी पाहा. माहितीपत्रकावर छापलेल्या शिक्क्यावर विसंबू नका.

नोंदणी एकदा केली की जन्मभराची, हाही असाच एक समज. दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी सतत परिचर्या शिक्षणाचे ठरावीक तास दाखवावे लागतात. पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या रुग्णालयात नोकरी मिळाली, तर महाराष्ट्राच्या नोंदणीच्या आधारे तेलंगणाच्या परिषदेकडेही नोंद करून घ्यावी लागते. भारतीय परिचर्या परिषदेनं देशभरातल्या नर्सेससाठी चालू नोंदवही आणि एनयूआयडी नावाचा क्रमांक सुरू केला आहे, तोही वेळेत घेऊन ठेवावा.

"नॉरसेट म्हणजे नर्सिंगचं लायसन्स."

नाही. नॉरसेट ही एम्सची नोकरभरती आहे. ती २०२० मध्ये सुरू झाली आणि आता पूर्व व मुख्य अशा दोन टप्प्यांत होते. चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण कापले जातात. तिला बसण्यासाठी आधी परिषदेची नोंदणी लागते, आणि जीएनएम झालेल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभवही. राज्यातली अधिपरिचारिका भरतीही नोकरीचीच परीक्षा. तिथं मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापनही असतं, त्यामुळे नुसत्या नर्सिंगच्या पुस्तकावर भागत नाही. या दोन्ही परीक्षांत नापास झाल्यानं कुणाचीही नोंदणी जात नाही. हे आईवडिलांना नीट समजावून सांगा; "पोरगी लायसन्समध्ये नापास झाली" असं बोलत गावभर फिरणारे नातेवाईक आपल्याकडे कमी नाहीत.

"एन्क्लेक्सचा संगणक ८५ प्रश्नांवर बंद पडला की पास."

खरी परवाना परीक्षा म्हणावी ती ही. अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठी एन्क्लेक्स-आरएन द्यावी लागते. कॅनडानं ती २०१५ पासून स्वीकारली, आणि ऑस्ट्रेलियाही परदेशी नर्सेसच्या मूल्यमापनात तिचा वापर करतो. १९९४ पासून ती संगणकावर होते, आणि संगणक प्रत्येक उत्तर पाहून पुढचा प्रश्न निवडतो. सध्या किमान ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. त्यातले १५ प्रश्न नुसते चाचणीसाठी असतात, त्यांचे गुण धरले जात नाहीत. पण ते कोणते, हे कळत नाही.

तुमची पातळी ठरलेल्या रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली की संगणक थांबतो. म्हणजे ८५ वर थांबला तर एक तर तुम्ही स्पष्टपणे वर आहात, नाही तर स्पष्टपणे खाली. १५० पर्यंत गेलेलेही पास होतात. "अमुक टक्के पडले की पास" असा आकडा या परीक्षेत नाहीच. कठीण प्रश्न येऊ लागले तर घाबरून जाऊ नका, कारण उत्तरं बरोबर येत असली तर प्रश्न अवघड होत जाणारच. मागे जाता येत नाही, प्रश्न सोडता येत नाही. नापास झालात तर ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं.

१ एप्रिल २०२३ पासून तिचं रूप बदललं. एकाच रुग्णाची हकीकत, नोंदी आणि तपासण्या देऊन त्यावर सहा प्रश्न विचारले जातात. अनेक पर्याय निवडायच्या काही प्रश्नांत चुकीचा पर्याय उचलला तर त्या प्रश्नापुरता गुण वजा होतो, शून्याखाली मात्र जात नाही. जुन्या प्रश्नसंचांच्या झेरॉक्स घेऊन बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

"इंग्रजी कच्चं असलं तर आपल्या मुलांना ही परीक्षा जमणार नाही."

इंग्रजी लागतंच, त्यावर मेहनत करायलाच हवी. पण आपल्याकडची मुलं अडखळतात ती मला वाटतं दुसऱ्याच ठिकाणी. आपल्या वॉर्डात नर्सला पहिल्यापासून शिकवलं जातं ते "डॉक्टरांना कळवा". एन्क्लेक्स विचारते, डॉक्टरांना कळवण्याआधी तुम्ही स्वतः काय पाहिलंत, काय केलंत. चार रुग्णांपैकी आधी कुणाकडे जाल? कोणतं काम सहायकाकडे सोपवाल आणि कोणतं कधीच सोपवणार नाही? पाठांतराची सवय असलेल्या मुलीला इथं हात बांधल्यासारखं होतं. त्यातच औषधांची नावंही वेगळी: पॅरासिटामॉल तिथं ॲसिटॅमिनोफेन, अॅड्रेनलिन तिथं एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉल तिथं अल्ब्युटेरॉल.

तरी यवतमाळच्या मुलींनी स्वतःला कमी समजण्याचं कारण नाही. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेनं या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो लोक रुग्णालयांत दाखल झाले. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तेव्हा ज्यांनी ड्यूटी केली, त्यांना ऑर्गॅनोफॉस्फेटची विषबाधा पुस्तकातून शिकायची गरज उरली नाही. कपडे काढून अंग धुणं, तसं करताना स्वतःला जपणं, श्वासनलिका मोकळी ठेवणं, ॲट्रोपिन देताना बाहुल्यांपेक्षा छातीतला स्राव सुकतो आहे का आणि नाडी किती आहे हे पाहत राहणं, हे सगळं परीक्षेत विचारलं जातं. सिकलसेलचंही तसंच. विदर्भाच्या आदिवासी भागात हा आजार घरोघरी माहीत आहे, आणि अमेरिकन प्रश्नसंचांत तो वारंवार भेटतो. वेदनेचा झटका आलेल्या मुलाला भरपूर द्रव, पुरेसं वेदनाशामक औषध, दुखऱ्या जागी बर्फ नाही. ताप आणि छातीत दुखणं सुरू झालं तर त्याच्याकडे आधी धाव. झरी जामणीच्या मुलाला ड्यूटीवर सांभाळलेली मुलगी हे विसरत नाही. तिनं एवढंच करायला हवं, की प्रत्येक केसनंतर रात्री वहीत लिहावं: मी आधी काय केलं, का केलं, दुसरं काय करता आलं असतं. क्लासपेक्षा या वहीवर माझा जास्त विश्वास आहे.

औषध देण्याच्या पायऱ्यांवर परीक्षेत इतका भर का, असं काहींना वाटतं. ३१ जानेवारी २०२१ ला घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी इथं पाच वर्षांखालच्या १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली. बाटलीवरचं नाव प्रत्येक वेळी वाचायचं, हा नियम फक्त गुणांसाठी नसतो, हे आपल्या जिल्ह्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"एन्क्लेक्स पास म्हणजे अमेरिकेचं तिकीट."

हा समज सगळ्यात जास्त दुखावून जातो, आणि एजंट तो मुद्दाम दुरुस्त करत नाहीत. अमेरिकेत नर्सेस ज्या इबी-३ प्रकारातून कायमच्या वास्तव्यासाठी जातात, त्यात भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून मोठी आहे. परीक्षा पास झाल्यावर परवाना मिळू शकतो, व्हिसा त्यामागोमाग येत नाही. त्याशिवाय शिक्षणाची तपासणी आणि इंग्रजीची परीक्षा वेगळी. एन्क्लेक्सचं शुल्क २०० डॉलर, अमेरिकेबाहेर केंद्र घेतलं तर आणखी १५० डॉलर आणि कर. भारतातली केंद्रं दिल्ली, मुंबई, हैदराबाद, चेन्नई, बेंगळुरू अशा मोठ्या शहरांत आहेत. आपल्याला पांढरकवड्यावरून ४४ क्रमांकाच्या महामार्गानं हैदराबादच जवळ.

"जीएनएमला अमेरिका बंद" हेही सरसकट खरं नाही. तिथल्या प्रत्येक राज्याचं मंडळ आपापले नियम लावतं, बऱ्याच ठिकाणी जीएनएमला वाट आहे. एएनएमला मात्र आरएनची परीक्षा देता येत नाही.

ब्रिटनचं वेगळं आहे. तिथली संगणकावरची परीक्षा भारतात देता येते, प्रात्यक्षिक परीक्षा तिकडे गेल्यावर होते. आयईएल्टीएसमध्ये लेखनाला ६.५ आणि बाकी तिन्ही भागांत ७ लागतात. जर्मनीत इंग्रजी चालत नाही, जर्मन भाषा बी-२ पातळीपर्यंत शिकावी लागते. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात आरोग्यसेवाही आहे. पण करार झाला म्हणून कुणाची भाषा आपोआप पक्की होत नाही.

प्रोमेट्रिक म्हणतात ती आखातातल्या परवान्यासाठीची परीक्षा. तिकडे जायचं असेल तर २०१५ पासून नर्सेसना ई-मायग्रेट प्रणालीतून परवानगी घ्यावी लागते. परवानाधारक एजंटला जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. लाखांत आकडा सांगणाऱ्याला त्याचा परवाना क्रमांक मागा, आणि तो ई-मायग्रेटवर तपासल्याशिवाय मूळ प्रमाणपत्रं त्याच्या हातात देऊ नका.

आणि अभ्यासाला बसण्याआधी दहावीची गुणपत्रिका, परिषदेचं प्रमाणपत्र, आधार आणि पासपोर्ट शेजारी मांडून नाव वाचा. आपल्याकडे कुठे वडिलांचं नाव मध्ये असतं, कुठे लग्नानंतरचं आडनाव, कुठे इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्त. परीक्षा केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव नोंदणीतल्या नावाशी जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि शुल्कही परत मिळत नाही. दुरुस्तीला महिने जातात, म्हणून ते काम पहिलं.